कार्डाची पुली

"थांबव," आप्पा म्हणाले. "लई तापलंय."

त्यांचा उजवा तळवा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर होता, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. कॅबिनेटच्या एका बाजूचा पत्रा आम्ही काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. आत ग्राफिक्स कार्डाचा चिमुकला पंखा जीव तोडून फिरत होता. स्क्रीनवरचं चित्र मात्र स्वच्छ होतं, त्यामुळं माझा धाकटा भाऊ सुहास म्हणाला, "काही होत नाही. अजून थोडं चढव."

आप्पांना ते ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "सुहास म्हणतोय, अजून चढव."

"त्याला म्हणावं, गप बस. तार तुटंल आता."

मी सुहासकडं वळेपर्यंत स्क्रीनवर रंगीत चौकोनांचा सडा पडला आणि चित्र जागच्या जागी थिजलं. सुहासनं कपाळाला हात लावला. आप्पांच्या मिशीच्या कोपऱ्यात, पोराची जिरली याचा आनंद अगदी उघड दिसत होता.

हे पुढं सांगायचं तर आधी आप्पांच्या कानांचं सांगायला पाहिजे.

आप्पा, माझे वडील, इचलकरंजीत जॉबर होते. मागांच्या कारखान्यात माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक मारतात, तो माणूस जॉबर. हाक मारतात हे आपलं म्हणायला. माग चालू असताना तिथं कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. त्या खडखडाटात उभी हयात गेली आणि त्यातच त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कारखान्यात त्याचं काही अडत नाही, कारण तिथं सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात आणि हातानं खुणा करतात. पंचाईत घरी व्हायची. आई त्यांच्याशी ओरडून बोलायची. ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि मग ओठ वाचता येत नाहीत, हे तिला कधी पटलं नाही. सुहास बोलताना समोरच्याकडं बघतच नसे, मोबाइलकडं बघे. राहता राहिले मी. लहानपणी आप्पांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायची आणि तिथल्या बायकांकडून ती आवाज नसलेली बोली मी कधी उचलली, मलाच कळलं नाही. घरात मी आणि आप्पा तशाच बोलीत बोलायचो. पाहुणे आले की आम्ही त्यांच्यासमोर त्यांचीच चेष्टा करायचो आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही. आई डोळे वटारायची. तिला शब्द कळत नसत, पण आमचे चेहरे कळत.

त्या वर्षी मी कोल्हापूरला ॲनिमेशनचा कोर्स पुरा केला होता. हैदराबादच्या एका कंपनीनं कळवलं होतं की स्वतः केलेली मिनिटभराची फिल्म सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, आवडली तर लगेच रुजू व्हा. आमच्या घरातून पोटापाण्यासाठी कुणी कधी सांगलीच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. आईनं नवस बोलून टाकला होता. मला तर झोपेत हैदराबाद दिसायचं, जे मी कधी बघितलंच नव्हतं.

फिल्म माझ्या मते झकास होती. मागात इकडून तिकडं पळणारा धोटा असतो ना, तो एक दिवस कंटाळतो, उडी मारून मागातून निसटतो आणि गावभर भटकतो. भाजी मंडईत शिरतो, शाळेच्या छपरावर चढतो, असं काय काय. सगळं तयार होतं. फक्त त्यातलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटरनं रंग, सावल्या, उजेडासकट रंगवून बाहेर काढायचं राहिलं होतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. आणि आमचा कॉम्प्युटर म्हणजे सुहासनं इकडून तिकडून भाग गोळा करून जोडलेला, त्यातलं ग्राफिक्स कार्ड कुणीतरी गेम खेळून खेळून दमवून विकलेलं. एकेका चित्राला ते इतका वेळ घेई की मी पापड लाटून यायची आणि ते अजून धोट्याच्या शेपटाशीच असायचं.

"ह्या वेगानं सोमवार जाईल, पुढचा गुरुवार उजाडेल," सुहास म्हणाला. "ओव्हरक्लॉक केल्याशिवाय गत्यंतर नाही."

"काय करायचं म्हणतोय?" आप्पांनी मला विचारलं.

मी सांगितलं. कंपनीनं कार्डाला एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याच्यापेक्षा जास्त वेगानं त्याला पळवायचं. काम लवकर होतं, पण कार्ड तापतं आणि जास्तच पळवलं तर चित्र फाटतं, नाहीतर कार्डच जातं.

आप्पांनी दोन्ही भुवया वर केल्या. "म्हंजे पुली बदलायची."

आता पुली कुठून आली ते मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मालकाला कापड लवकर पाहिजे असलं की मोटारीची पुली बदलतात. पुली मोठी बसवली की तोच माग जास्त वेगानं पळायला लागतो. मालक खूश होतो आणि कामगाराचा जीव जातो, कारण वेग वाढला की तारा, म्हणजे सुताचे ताणलेले धागे, जास्त तुटतात आणि त्या बसून जोडाव्या लागतात.

"पण चालतं ना ते?" मी विचारलं.

"चालतं की. न चालायला काय झालं? फक्त त्येच्यापाशी बसावं लागतं."

आणि ते बसले. ज्या माणसानं माझ्या बारशाला रजा टाकली नव्हती, त्यानं कार्डासाठी आठवडाभर रजा टाकली. मालकाला काय सांगितलं देव जाणे. सकाळी चहा झाला की लोखंडी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे, तळवा कॅबिनेटवर. पंख्याचा आवाज त्यांना येत नसे, पण तो किती जोरात फिरतोय ते तळव्याला कळायचं. सुहासचं म्हणणं सरळ होतं, आकडा एकदम वर न्यायचा आणि जे होईल ते बघायचं. आप्पांनी त्याला पहिल्याच दिवशी गप्प केलं. थोडं चढवायचं, बराच वेळ चालवून बघायचं, हात लावायचा, मगच पुढं. चौकोन दिसले की "तार तुटली, एक दात उतर," असं ते म्हणायचे. कुठला दात आणि कसला दात, पण मी आकडा एक घर खाली आणायची आणि चित्रं पुन्हा नीट उतरायला लागायची.

टेबलफॅनही त्यांनीच आणला, स्वतःच्या उशाशी असलेला. तो त्यांनी कॅबिनेटच्या उघड्या बाजूसमोर स्टुलावर ठेवला, खिडकी सताड उघडली आणि पडदासुद्धा खिळ्याला अडकवून टाकला.

"मागाचं नेमकं उलटं हाय हे," ते म्हणाले. "कारखान्यात पंखा लावला तर मालक हाकलून देईल. वारं लागलं की सूत सुकतं, तार तुटती. भर उन्हाळ्यात खिडक्या लावून, खाली पाणी मारून, घामाच्या धारात काम करायचं. ह्येला बघ. खिडकी उघडी, पंखा समोर. असला माग मिळाला असता तर जन्मभर वाऱ्यात बसलो असतो."

एकदा आई केर काढायला आली आणि तिनं पंखा जरा बाजूला सरकवला. आप्पा तिच्यावर असे खेकसले की तिनं झाडू तिथंच टाकला. "तुमच्या लेकीच्या डब्याला वारा घाला," ती त्यांना म्हणाली, "मी मेले उकडून तरी चालेल."

ते दिवस मी विसरू शकत नाही. चित्रं एकेक करून उतरत असायची आणि आम्हाला दुसरं काम नसायचं. आप्पा इतकं बोलायचे की मला नवल वाटे. कान गेले हे पहिल्यांदा कसं कळलं, ते त्यांनी मला त्याच खुर्चीवर सांगितलं. एक दिवस त्यांना वाटलं, गावातल्या चिमण्या कुठंतरी निघून गेल्या. त्यांनी आईला विचारलं, हल्ली चिमण्या का येत नाहीत? आईनं खिडकीकडं बोट दाखवलं. चिमण्या गजावर बसल्या होत्या आणि त्यांच्या चोची हलत होत्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. च्या पिऊन कामावर गेलो."

ते हसले, म्हणून मीही हसले.

उतरलेली चित्रं ते बारकाईनं बघायचे. धोटा त्यांना आवडला होता. त्याचं टोक खऱ्या धोट्यासारखं नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि मी ते बदललं. शेवटी धोटा एसटीच्या टपावर बसून गावाबाहेर जातो, ती चित्रं यायला लागली तेव्हा ते पुढं वाकले.

"परत कवा येतो?"

"येत नाही. तिथंच संपतं."

"परत आण की त्याला."

"मग मजा काय राहिली, आप्पा?"

ते थोडा वेळ त्या एसटीकडं बघत बसले. मग म्हणाले, "तू कवा येशील?"

"दिवाळीला येईनच. आणि रोज फोन करीन की."

बोलून गेले आणि जीभ चावली. आप्पांनी मान डोलावली. "व्हय. फोन कर. आईसंगट बोल." मग कॅबिनेटवर हात ठेवून म्हणाले, "बघ, तापायला लागलं."

शनिवारी निम्म्याहून जास्त काम उरकलं. रविवारी दुपारी जयसिंगपूरला मावशीच्या नातवाचं बारसं होतं. मी जाणार नव्हते, पण आईनं घर डोक्यावर घेतलं. हैदराबादला गेलीस तर पुन्हा कुठलं बारसं आणि कुठली मावशी, म्हणाली. सुहास सकाळपासूनच क्रिकेटला गेलेला. मी आप्पांकडं बघितलं.

"जा," ते म्हणाले. "मी हाय की."

"चौकोन दिसले तर—"

"एक दात उतरायचं. दाखवलंयस तू. जा."

खरंच दाखवलं होतं. माउसला हात लावायला घाबरणारा माणूस आता तो आकडा माझ्याइतकाच सफाईनं खालीवर करत होता. मी निर्धास्त गेले. बारशात मी हसले, पाळणा म्हटला, हैदराबादचं विचारणाऱ्या प्रत्येकीला अजून काही नक्की नाही असं, सगळं नक्की असल्याच्या आवाजात सांगितलं.

परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. दार उघडल्याबरोबर वास आला, जळक्या रबराचा. मी चपला न काढताच आतल्या खोलीत धावले आणि घसरता घसरता वाचले. फरशी ओली होती. खिडकी लावलेली होती, वरची कडीसुद्धा. पडदा ओढलेला. खोलीत कारखान्यासारखी कोंदट ओल भरून राहिली होती. पंखा बंद होता. आप्पा लोखंडी खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. स्क्रीन काळी होती.

आई माझ्या मागोमाग आली. तिनं खिडकीकडं बघितलं, फरशीकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, कारखाना वाटला काय हा तुम्हाला? पाणी कुठं मारलंय, काय केलंय. जन्माची सवय ती, जाती कुठं. जळलं का ते? सांगा की, जळलं का?"

आईचे हातवारे बघून आप्पांना काय ते समजलं. "सवयीनं झालं," ते म्हणाले. "ध्यानातच आलं न्हाई." हे ते भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघत म्हणाले.

आई पदर खोचून फरशी पुसायला फडकं आणायला गेली. जाताना तिला हसू यायला लागलं होतं. रडावं की हसावं हे तिला कळत नसलं की ती हसायची.

मी कॅबिनेटपाशी वाकले. तेव्हा मला दिसलं की भिंतीला टेकवून ठेवलेला पत्रा जागेवर बसवलेला आहे. नुसता बसवलेला नाही, त्याचे सगळे स्क्रू पिळून घट्ट केलेले आहेत. ते स्क्रू इतके दिवस एका वाटीत पडून होते आणि वाटी वरच्या फळीवर होती. टेबलफॅन स्टुलावर नव्हता. मी खाटेखाली बघितलं. तिथं तो भिंतीकडं तोंड करून ठेवलेला होता, वायर नीट गुंडाळून.

सवयीनं माणूस खिडकी लावेल. सवयीनं पाणीही मारेल. फळीवरची वाटी काढून, पेचकस शोधून, एकेक स्क्रू पिळणं ही सवय नव्हे.

मी आप्पांकडं वळले. ओठ हलवले, "का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आप्पांशी बोलायचं तर त्यांना आपल्याकडं बघावं लागायचं. ते बघत नसतील तर जगातलं कुठलंही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नसे. ते कालनिर्णयाकडं बघत होते, जणू आजची तिथी आत्ताच पाठ करायची होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे खाली घातले. त्यांच्या पायजम्याचे गुडघे ओले होते. जमिनीवर बसून पाणी मारलं असावं.

दारात सुहासच्या गाडीचा आवाज आला. मला त्या क्षणी एवढंच सुचलं की त्याला स्क्रू दिसता कामा नयेत. मी पेचकस घेतला आणि घाईघाईनं पत्रा काढला, पूर्वीसारखा भिंतीला टेकवला, स्क्रू वाटीत टाकले. खाटेखालून पंखा ओढून स्टुलावर ठेवला. आप्पा माझ्या हातांकडं बघत होते. तेवढं मात्र त्यांनी बघितलं.

सुहास आला, वास घेतला, आईचं ऐकलं आणि खाली बसून हसत सुटला. मग लगेच रागावला, मग पुन्हा हसला. "तारा ओल्या ठेवल्या म्हणा की! आप्पांनी कार्डाला वरात काढून पोचवलं." त्यानं कार्ड बाहेर काढलं. हातात धरवत नव्हतं. त्याच्यावरचे दोन बारीक डबे फुगून फुटले होते.

मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तोंड काय पाडून बसलीस? कार्ड गेलं, चित्रं कुठं गेलीत? सगळी डिस्कवर आहेत. कोल्हापूरला रणजितकडं मोठं मशीन आहे. डिस्क घे, आत्ताची गाडी पकडू. राहिलेलं काम त्याच्याकडं उद्या दुपारच्या आत होतं. संध्याकाळच्या आधी पाठवून मोकळे."

खरं होतं त्याचं. मलाही ते सुचायला हवं होतं. मी डिस्क काढायला पेचकस पुन्हा हातात घेतला. सुहासनं रणजितला फोन लावला, तो म्हणाला, या.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

आता ते माझ्याकडं बघत होते. सरळ माझ्या ओठांकडं. शिक्षा ऐकायला उभा राहिलेला माणूस बघेल तसं. आणि त्या बघण्यात मला सगळं एकदम कळलं. हैदराबादहून मी आईशी रोज बोलले असते. सुहासशी बोलले असते. मावशीशी, मैत्रिणींशी, सगळ्यांशी बोलले असते. एकट्या आप्पांशी नाही. फोन त्यांच्या कामाचा नव्हता. मी त्या एसटीत बसले असते त्या दिवसापासून ह्या घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नसतं. आई ओरडली असती, ते हसले असते, आणि चिमण्यांच्या चोची हलत राहिल्या असत्या.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"म्हणतोय," मी ओठ हलवले, "आता काही होण्यासारखं नाही."

आप्पांनी श्वास सोडला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथं उभं राहवेना. सुटल्याचा चेहरा होता तो, आणि त्याची लाज वाटल्याचाही.

सुहासला मी म्हटलं, राहू दे, नको. तो मला वेडी म्हणाला. अख्खी संध्याकाळ त्यानं समजावलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही समजावत होता. मग सोमवारची संध्याकाळ उलटून गेली आणि समजावण्यासारखं काही उरलं नाही.

मला हैदराबादचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाटलं. पण ते वर्ष-दोन वर्षांत ओसरलं. पुढं मी गावातच साड्यांच्या काठांची डिझाइनं करायला लागले, लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडं राहायला गेले, माझं बरं चाललं. मला ज्याचं दुःख झालं आणि अजून होतं, ते वेगळंच आहे.

त्या दिवसानंतर आप्पांनी माझ्या ओठांकडं बघणं सोडून दिलं.

मी घरात असायची, समोर असायची. ते माझ्या कपाळाकडं बघायचे, हातांकडं बघायचे, खांद्यावरून पलीकडं बघायचे. काही विचारायचं असलं तर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता उठून जायचे. सुहासनं दुसरं कार्ड आणून बसवलं तेव्हा मी लोखंडी खुर्ची माझ्या शेजारी ओढून ठेवली. ते दारातूनच "चांगलं हाय" म्हणाले आणि कारखान्यात गेले. माझ्याशी बोलता यावं म्हणून त्यांनी मला थांबवून घेतलं होतं, आणि थांबवून घेतलं म्हणूनच त्यांना माझ्याशी बोलता येईना. मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही काही हिरावलेलं नाही, मला जाता येत होतं, मीच गेले नाही. कितीदा ठरवलं. पण ज्यानं डोळे फिरवले त्याला ते सांगायचं कसं? दंड धरून तोंड आपल्याकडं वळवायचं, एवढा धीर मला झाला नाही. वडील होते ते.

किस्सा मात्र वाढत गेला. नातेवाइकांत आप्पांचं कार्ड प्रसिद्ध झालं. लग्नात, मुंजीत, जेवणाच्या पंगतीत आई तो रंगवून सांगायची. आधी फरशीवर तांब्याभर पाणी होतं, मग बादली झाली, पुढं पुढं तर आप्पांनी कॉम्प्युटरवरच पाणी शिंपडलं असं ऐकू यायला लागलं. लोक हसले की आप्पाही हसत. मी हसायची.

पुढं त्यांना साखरेचा आजार निघाला आणि त्यानं डोळ्यांवर घाला घातला. कोल्हापूरला दाखवलं, मिरजेला दाखवलं. उजेड आणि सावली कळायची, समोर माणूस आहे एवढं कळायचं, पण चेहरा कळेना. ओठ तर नाहीच. मग आम्ही पाठीवर हात ठेवून सांगायला लागलो. नुसता हात ठेवला की जेवण, दोनदा थोपटलं की औषध. बाकी काही सांगायची वेळ फारशी यायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुहासच्या सासरची माणसं आली होती. पुढच्या खोलीत आईनं कार्डाचा किस्सा काढला आणि हशा झाला. आप्पा आतल्या खोलीत खाटेवर होते, मी त्यांच्यापाशी बसले होते. हसणं त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण खाटेला, भिंतीला त्याचा हादरा कळत असावा. त्यांनी तळवा भिंतीवर टेकवला होता.

"तेच सांगतीया का?" ते म्हणाले.

मग त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, सरळ माझ्या तोंडाकडं, जिथं त्यांना एक सावली दिसत असेल.

"ती सवय नव्हती, तेजू," ते म्हणाले. "मला ठाऊक हुतं, त्येला वारं लागतं. मी जाणून केलं."

"मला माहीत आहे, आप्पा," मी म्हटलं. जुन्या सवयीनं ओठच हलवले, आवाज काढला नाही. "मला तेव्हाच कळलं होतं. मला कोल्हापूरला जाऊन ते पुरं करता येत होतं. मीच नाही गेले. मला राहायचं होतं."

ते वाट बघत होते. डोळे बारीक करून, मान पुढं काढून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना काहीच दिसत नाहीये.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले. सगळं ओरडले, एकेक शब्द. पुढच्या खोलीतलं हसणं थांबलं. आई धावत आली, सुहास आला, पाहुणे दारात गोळा झाले, काय झालं, काय झालं म्हणून. आप्पांच्या चेहऱ्यावर माझा श्वास लागत असेल, बाकी काही नाही. ते तसेच मान पुढं काढून वाट बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी मान मागं घेतली.

"असू दे," ते म्हणाले. "नको बोलू. ऐकून घेतलंस, लई झालं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"भूक न्हाई मला," आप्पा म्हणाले.